ठेवणीतले दात

माझ्या आईला दात बसवायचं ठरलं ते माझ्या भाच्याच्या लग्नात ड्रोन येणार होता म्हणून. त्याआधी नऊ वर्षं आई बोळक्या तोंडानं जेवत होती, आणि त्या नऊ वर्षांत त्यावाचून आमच्यापैकी कुणाचा घास अडला नव्हता. पण नवरदेवाची आजी साऱ्या भावकीला पडद्यावर बोळकी दिसणार म्हटल्यावर घरात एकाएकी माया दाटून आली. ड्रोन आभाळातून माणसाच्या तोंडातलं काय बघणार, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

भावाचा फोन आला. तो आष्ट्याच्या पुढं गावाकडं ऊस करतो, आई त्याच्याकडं असते. मी सातारची, मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण होते.

"अक्का, आयेचं तेवढं दाताचं बघ की. फोटूत लय वंगाळ दिसतंय गं."

भावाचा मुलगा म्हणजे आम्हा बायकांचा भाचाच, त्यामुळं मलाही हौस होतीच. आणि मला कुणी 'बघ' म्हटलं की मी नुसतं बघत नाही, सगळं हातात घेते. माझ्या नवऱ्याला विचारा. तो बिचारा निवृत्तीनंतर भाजीसुद्धा स्वतःच्या मनानं आणत नाही.

आमच्या घरातली दातांची निगा हा एक वेगळाच प्रकार आहे. वडील फौजेत होते. पाणी असो नसो, सकाळी ब्रश म्हणजे ब्रश. ते गेले तेव्हा सगळे दात शाबूत घेऊन गेले. भाऊ निंबाची काडी तोंडात धरून गावातून फेरी मारतो, चौकात उभा राहून राजकारण बोलतो, परत येतो आणि काडी टाकतो. ती काडी दातांना लागते की नाही देव जाणे. आणि आई मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक कुटायची आणि उंबऱ्यावर बसून बोटानं घासायची. काम पाच मिनिटांचं, पण पाऊण तास चालतं, कारण मिश्री एकटीनं लावायची वस्तू नाही. शेजारच्या दोघी येतात, तोंडात बोटं घालून तिघी बोलतात आणि एकमेकींना सगळं समजतं. दाढ दुखली की लवंग, लवंगेनं नाही भागलं की पुन्हा मिश्रीच, जरा जास्त. असं करत करत आईचे दात एकेक करून गेले. मिश्री तेवढी राहिली, ती हिरड्यांना लावू लागली.

मी भावाला घेऊन आईला सांगलीला एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. पोरगी लहान होती, माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या मुलींएवढी. तिनं आईच्या तोंडात बॅटरी घालून पाहिलं, हिरड्या दाबल्या, मिश्रीवरून चार शब्द सुनावले, आणि मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "आजी, दात बसले की काय खायचंय तुम्हाला?"

"मऊच लागतं हो तिला," मी म्हटलं. "भात, दूधभाकरी. तिची काही तक्रार नसते."

"मी आजींना विचारतेय," ती म्हणाली.

मला हे आवडलं नाही, हे कबूल करते. मी चौतीस वर्षं प्रश्न विचारले आहेत, मला उत्तर देताना कुणी अडवत नाही.

आईनं पदरानं तोंड पुसलं. "शेंगा," ती म्हणाली. "भाजल्याल्या. माज्या मी फोडून."

भाऊ खो खो हसला. मीही हसले. एवढा खटाटोप, सांगलीच्या वाऱ्या, आणि म्हातारीला काय हवंय तर शेंगा! आई आमच्याकडं न बघता त्या पोरीलाच सांगत राहिली. "घरात पोतं भरून शेंगा असत्यात बाई. मला समदी कूट देत्यात. कूट खाल्लं की दुसऱ्यानं चावून दिल्यावानी वाटतं बघा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. आता शेंगा हा काय रोग आहे का लिहून घ्यायला, असं मी परतीच्या गाडीत भावाला म्हटलेलंही आठवतं.

मग मापं झाली. पत्र्याच्या साच्यात कसलासा लगदा भरून आईच्या तोंडात दाबला, तिला उमासे आले, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं 'पुरे' म्हणून हात वर केला नाही. शेंगांसाठी माणूस किती सोसतं ते मी त्या दिवशी पाहिलं. पाहिलं म्हणजे बाजूला बसून मोबाईलवर लग्नाच्या ब्लाऊजचे गळे पाहत होते.

तिसऱ्या खेपेला मेणात बसवलेले दात घालून बघायचे होते. इथं आमच्या घरातला सौंदर्यविचार जागा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाला शोभतील असे जरा पिवळसर घेऊ. भाऊ म्हणाला, "छ्या! दुदावानी पांढरं पायजेत. पिवळं तर आदी बी हुतं की." मी त्याची बाजू घेतली. आई म्हणाली, "माज्या म्होरच्या दोन दातांत फट हुती. तेवढी ठिवा." मी म्हटलं, "अगं, नवे दात करायचे आणि मुद्दाम फट पाडून घ्यायची? लोक काय म्हणतील?" फट गेली. आईनं हातातल्या आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "ही कोन बाई?" आम्ही पुन्हा हसलो. त्या दिवसांत आम्ही फार हसत होतो.

कवळी हातात मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. सुरुवातीला मऊ खा, बारीक घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. एवढं मी ऐकलं. त्याच वेळी भाच्याचा फोन आला, की घोडा मिळत नाही, बुलेट चालेल का. मी बाहेर जाऊन बुलेटचा निकाल लावला आणि आत आले तेव्हा त्या आईशी बोलत होत्या आणि आई मान हलवत होती. मी विचारलं, "झालं का?" त्या म्हणाल्या, "झालं. आजींना सांगितलंय सगळं." आजींना सांगून काय उपयोग, असं मला वाटलं, पण उशीर झाला होता.

गावी पोचल्यावर मी एका पुठ्ठ्यावर सूचना लिहिल्या. शाळेत असताना सहलीच्या आधी लिहायचे तशा. कडक खाऊ नये. शेंगा, फुटाणे, ऊस खाऊ नये. कवळी पोरांच्या हातात देऊ नये. शेंगांच्या खाली लाल रेघ मारली आणि तो पुठ्ठा पाण्याच्या माठाच्या वर चिकटवला. माझ्या आईला वाचता येत नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे. तरीही अक्षर मी वळणदार काढलं होतं.

"शेंगा न्हाई?" आईनं विचारलं. भावजयीनं तिला वाचून दाखवलं होतं.

"मोडतील ना अगं!"

"पर त्या पोरीनं सांगितलंय की हळूहळू..."

"आधी लग्न होऊ दे," मी म्हटलं. आमच्याकडं कुठल्याही गोष्टीला हे उत्तर चालतं.

लग्नाला तीन दिवस राहिले असताना मी पुन्हा गावी आले तर आई उंबऱ्यावर बसलेली, शेजारच्या दोघी बाजूला, आणि तिघींचं मिश्री लावणं चाललेलं. आईच्या डाव्या हातात वरची कवळी होती. उजव्या हाताच्या बोटानं ती तिच्यावर मिश्री घासत होती. मनापासून, दात अन् दात. दुधासारखे पांढरे दात कोळशातून काढल्यागत झाले होते.

"आई! अगं काय चालवलंयस!"

"दात न्हवं का? मग मिश्री लावायला नगं?" तिनं अगदी सरळ विचारलं. शेजारणींनीही माना हलवल्या. दात म्हटल्यावर मिश्री आलीच. एकीनं तर मलाच विचारलं, "आवं बाई, प्लास्टिकला किडा लागत न्हाई व्हय?"

मी ते दात, जुना ब्रश आणि साबण घेऊन न्हाणीत तासभर बसले. घासताना माझ्या तोंडून जे जे निघालं ते शाळेत कुणी ऐकलं असतं तर माझा निरोपसमारंभ झाला नसता. डाग बराचसा गेला. दोन दातांच्या बुंध्याशी तपकिरी रेघ राहिली ती राहिलीच. त्यानंतर कवळी भावजयीनं ताब्यात घेतली. लग्नापर्यंत ती कपाटात राहणार, असं आम्ही दोघींनी ठरवलं. आईला विचारायचं सुचलं नाही.

लग्न झालं. आईनं दात घालून साऱ्या पाहुण्यांना नमस्कार केला. मांडवभर माझं कौतुक. "लेकीनं दात दिलं गं आईला," बायका एकमेकींना सांगत होत्या, आणि मी 'आपलं कर्तव्य' वगैरे म्हणत पदर सावरत होते. जेवणाच्या वेळी भावजय आईच्या कानाशी लागली. "आत्याबाई, जेवताना दात काडून ठिवा. आमटीचा रंग चढंल. अजून फोटू ऱ्हायल्यात." मग इतक्या लोकांसमोर दात काढायचे कसे म्हणून आई पंगतीला बसलीच नाही. सगळं आटपल्यावर आत जाऊन, दात काढून, भात कालवून खाल्ला. पुढं व्हिडिओ आला. सगळ्यांनी मोठ्या टीव्हीवर लावून पाहिला. ड्रोननं मांडव दाखवला, उसाचं रान दाखवलं, बुलेट दाखवली, शेजाऱ्याच्या म्हशी दाखवल्या. आई अक्षता टाकताना चार सेकंद दिसते. तोंड मिटलेलं आहे.

लग्नानंतर दात ठेवणीत गेले. आमच्या भागातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आम्ही वस्तू घेतो ती वापरायला नाही, ठेवायला. सोफ्यावर दुकानातलं प्लास्टिक तसंच. चांगल्या कपबशा कपाटाच्या काचेआड, आणि पाहुण्यांना चहा कान मोडलेल्या कपातून. भावानं घेतलेल्या मिक्सरवर भावजयीनं विणलेलं टोपडं आहे आणि चटणी अजून उखळात कुटली जाते. मग एवढे पांढरे दात म्हातारीनं रोज भाकरी खाऊन झिजवायचे? ते रुमालात गुंडाळले, बांगड्यांच्या डब्यात घातले आणि भावजयीच्या पैठणीच्या शेजारी ठेवले. कोरडेच. ते पाण्यात ठेवायचे असतात, आणि रोज वापरले नाहीत तर हिरडी बदलते आणि बसेनासे होतात, हे डॉक्टरीणबाईंनी आईला सांगितलं होतं. आईनं भावजयीला सांगितलं. भावजयीनं मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, "त्या सांगायचं म्हणून सांगतात गं. पाण्यात ठेवून खराब होतील."

आता मला सांगा, ह्यात अडाणी कोण होतं?

सहा महिने असे गेले. बारशाला दात निघाले, एका वास्तुशांतीला निघाले, पुन्हा आत. दर आठवड्याला आई फोनवर येई, इकडचं तिकडचं बोले, आणि शेवटी आवाज बारीक करून विचारी, "ते दात कवा काडायचं गं कपाटातनं?"

"दिवाळीला घाल की."

"शेंगा उपटाय सुरवात झालीया. यंदा लय चांगल्या आल्यात. टपोऱ्या."

"आई, मी काय सांगितलंय? कूट करायला सांग तिला. गूळ घालून खा."

"व्हय," ती म्हणे. एवढंच. आणि मी फोन ठेवून नवऱ्याला सांगे, की म्हातारपणी माणूस अगदी लहान मुलासारखं हट्टी होतं, तरी मी आहे म्हणून तिचं नीट चाललंय.

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सांगलीला माझ्या बरोबरीच्या एका बाईंच्या घरी गेले होते. परत येताना मनात आलं, आष्ट्याला उतरावं, आईला बघून जावं. कळवलं नाही. दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ रानात, भावजय आतल्या खोलीत झोपलेली. आई तिच्या बाजेवर नव्हती. उंबऱ्यावर नव्हती. मला वाटलं, शेजारी गेली असेल.

तेवढ्यात मागच्या बाजूनं आवाज आला. कट्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा कट्.

मी परसात गेले. गोठ्याच्या मागं, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, आई खाली बसली होती. भिंतीकडं तोंड. मांडीवर सूप, सुपात भाजलेल्या शेंगा, पायाशी टरफलांचा ढीग. एक शेंग उचलायची, अंगठ्यानं दाबून फोडायची, दाणा तोंडात टाकायचा आणि मग सावकाश, डोळे मिटून चावायचं. तोंड वेडंवाकडं होत होतं, कारण कवळी आता नीट बसत नव्हती. मधेच ती बोटानं वरची पट्टी दाबून धरी आणि पुन्हा चावी. गालावर पाणी ओघळलं होतं, ते दुखल्याचं की कशाचं मला सांगता येणार नाही.

माझी चप्पल वाजली असावी. तिनं वळून पाहिलं.

चौतीस वर्षं मी वर्गात मागून जाऊन पोरी पकडल्या आहेत. मला बघून तोंडं कशी उतरतात हे मला पाठ आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला थोडी मजाही वाटायची. ते तोंड मी माझ्या आईच्या चेहऱ्यावर पाहिलं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई. तिनं घाईघाईनं सूप पाठीमागं सारलं, टरफलांवर पदर ओढला आणि म्हणाली, "दोनच खाल्ल्या गं. दोनच."

मी गप्प उभी राहिलेली बघून तिला काय वाटलं असेल, हे मला उशिरा समजलं. वर्गात मी ओरडायच्या आधी अशीच गप्प उभी राहायचे.

"मोडलं न्हाईत," ती म्हणाली. "बघ पायजे तर. टोचत्यात, पर चावत्यात." आणि तिनं तोंडात बोटं घालून आधी खालची, मग वरची कवळी काढली, दोन्ही पदराला पुसल्या आणि माझ्यापुढं धरल्या. "घे. ठिवून दे. तिला उठवू नगंस, किल्ली मीच घेतली खिळ्यावरची. तिचा कायबी दोष न्हाई."

हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण घडलं ते असं की माझा हात पुढं झाला. सवयीनं. पोरींकडून चिंचा काढून घ्यायला व्हायचा तसाच, तळवा वर करून. आईनं तिचे दात माझ्या हातावर ठेवले. ते ओले होते आणि गरम होते, आणि वरच्या पट्टीला रक्ताचा बारीक ठिपका होता.

तिच्या बोळक्या तोंडात एक दाणा राहिला होता. तिनं तो जिभेनं गालाकडं सारला आणि विचारलं, "तोंडातला तेवढा गिळू का?"

मी तिथंच कडब्यावर बसले. जन्मात कुणी माझी एवढी शोभा केली नव्हती. ज्या बाईनं मला भाकरी चावून भरवली असेल, ती मला एका दाण्याची परवानगी मागत होती, आणि तिला ती सवय मी लावली होती. दुसऱ्या कुणी नाही. ड्रोनला, भावाला, भावजयीला मी इतका वेळ हसले, त्यांच्यात हे कुणाच्या बापाच्यानं जमलं नसतं.

"उद्या सांगलीला जाऊ," मी म्हटलं. "टोचतात ते घासून घेऊ." मी दात माझ्या साडीच्या पदराला पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि तिच्या हातात परत दिले. पाठीमागचं सूप ओढून तिच्या मांडीवर ठेवलं.

ती दात हातात घेऊन बसून राहिली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी 'खा' म्हणेपर्यंत तिनं ते तोंडात घातले नाहीत.